दुर्गेकाकांची चार मिनिटं

दुर्गेकाकांशी माझी पहिली भेट झाली ती भांडणानं. भांडण मीच उकरून काढलं होतं, हे आधीच कबूल करून टाकते. पुढे जे सांगणार आहे त्यात मी फारशी चांगली दिसणार नाही, तेव्हा तुम्हाला सुरुवातीपासूनच त्याची सवय झालेली बरी.

मी आदिलाबादजवळ मावल्याच्या एका शाळेत शिकवते. आमची मुलं म्हणजे कुणाला चालता येत नाही, कुणाला बोलता येत नाही, कुणाचा स्वतःच्या हातांवर ताबा नाही. त्या वर्षी शाळेत एक शेळी आणायचं ठरलं होतं. मूल जनावराला टेकून बसलं, त्याच्या अंगावरून हात फिरवत राहिलं, की आखडलेलं अंग सैल पडतं, मूल शांत होतं, असा तो उपचार. हैदराबादहून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी कुत्रा सुचवला होता, पण कुत्रा म्हटल्यावर आमच्या मुलांच्या आया दोन पावलं मागं सरकल्या. शेळीचं तसं नाही, शेळी इथं प्रत्येकीच्या अंगणात वाढलेली. तर त्या शेळीचं रक्त कुठं तपासून मिळेल हे विचारायला मी आदिलाबादला जनावरांच्या दवाखान्यामागं जी प्रयोगशाळा आहे तिथं गेले.

आत एक काटकुळा माणूस उभा होता. बिनबाह्यांचा स्वेटर, कानाला मफलर. हातात काचेची पट्टी धरून ती तो हळूहळू डोलवत होता. मी नमस्कार म्हटलं. उत्तर नाही. पुन्हा म्हटलं. तरी नाही. मी जरा तोंडाळच आहे, तिसऱ्या वेळेला आवाज चढलाच. "अहो, माणूस उभं आहे इथं! मान तरी वर करा!"

मान वर झाली नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे मात्र एकदा बघणं झालं. मग त्यांनी काच उजेडाला धरली, वहीत काहीतरी लिहिलं, कोपरापर्यंत हात साबणानं धुतले, पुसले, आणि मग म्हणाले, "माणूस दिसला मले, बाई. तुमी आल्या तवाच दिसला. पर ह्या काचेवरचं दिसायले चार मिन्टं लागते. तुमी रागावल्या त समजूत घालता येते. हे चार मिन्टं गेले त वापस येत नाई."

बसा म्हणाले. मी बसले. राग निम्मा उतरला होता, निम्मा मी ठेवून घेतला.

त्यांचं काम तसं एका वाक्यात सांगण्यासारखं. आसपासच्या गावांत कुठं शेळीनं, गाईनं गाभ टाकला की तिचं रक्त यांच्या टेबलावर यायचं. ब्रुसेला म्हणून एक रोग आहे. जनावराला त्याचं विशेष काही होत नाही; ते चरतं, रवंथ करतं, छान दिसतं, फक्त गाभ टाकतं. पण त्याच्या जाराला, म्हणजे वारेला, हात लागला, कच्चं दूध पोटात गेलं, की माणसाला महिनोन्महिने ताप धरतो आणि सांध्यांत जाऊन बसतो. तपासणी साधी दिसते. काचेवर जनावराच्या रक्तातल्या पाण्याचा एक थेंब आणि गुलाबी औषधाचा एक थेंब. काडीनं मिसळायचे आणि चार मिनिटं डोलवत राहायचं. गुलाबी पाणी एकसारखं राहिलं तर बरं. नासलेल्या दुधासारखे दाणे धरले तर रोग आहे.

साधी दिसते म्हटलं, कारण काका ती साधी करत नसत. गुलाबी औषधाची बाटली फ्रिजमध्ये असायची. "गार औषध खोटं बोलते," असं ते म्हणायचे. म्हणून बाटली बाहेर काढली की मुठीत धरून अर्धा-अर्धा तास बसून राहायचे. हिवाळ्यात तर स्वेटरच्या आत, काखेत. आमच्याकडची थंडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून पटायचं नाही. डिसेंबरात सकाळी बोटं वाकत नाहीत, आणि ती खोली उत्तरेकडची, तिला ऊन म्हणून माहीत नाही. दवाखान्यातले लोक हसायचे, "दुर्गे अंडं उबवून राह्यला." तेही हसायचे, पण मूठ उघडत नसत.

आणखी एक खोड होती. "रोग नाही" असं ते कधी लिहीत नसत. "आढळला नाही" लिहायचे. शेतकरी यायचे, विचारायचे, शेळीले काई नाई ना, दुर्गेभाऊ? हे म्हणायचे, "मले दिसला नाई." तो बिचारा पुन्हा विचारायचा, म्हणजे नाई ना? "म्हनजे मले दिसला नाई." माणूस वैतागून जायचा. मी एकदा म्हटलं, काका, त्याला घरी जाऊन झोप तरी लागू द्या. तर म्हणाले, "झोप लागाव म्हनून लेहत असतो त मी कीर्तनकार झालो असतो."

ह्या खोडीमागं एक गोष्ट होती आणि ती मला चहा पिता पिता तुकड्यातुकड्यांनी कळली. नोकरीला लागून दोन वर्षं झाली असतील. बेज्जूरकडं, प्राणहिता नदीच्या अंगानं जी जंगलातली गावं आहेत तिथं एका वाड्यात शेळ्या गाभ टाकायला लागल्या. हे सायकलवर डबा बांधून गेले. एका म्हातारीनं उघड्या हातांनी जार उचलून दाखवला, ह्यांनीही उघड्या हातांनीच घेतला. तेव्हा हातमोजे कुणाला माहीत होते! महिन्याभरानं ताप. दुपार कलली की चढायचा, पहाटे घाम फुटून उतरायचा. मलेरियाचं औषध झालं, टायफॉइडचं झालं, मावशीनं उतारा उतरवून झाला. तीन महिने. कंबर अशी धरली की बेला गावातल्या घरून बैलगाडीत घालून आणावं लागलं. शेवटी एक दिवस हे उठले, प्रयोगशाळेत आले, स्वतःच्या दंडातून रक्त काढलं आणि स्वतःच्याच काचेवर टाकलं.

"एका मिन्टात दाने धरले, बाई. मोठे मोठे. मी पाहूनच राह्यलो. हसू आलं मले. दुसऱ्याच्या शेळ्यायचं पाहत होतो आनि सोताच घिऊन फिरून राह्यलो होतो."

तेव्हापासून डावा पाय थोडा ओढत चालायचे. बाप बेल्याकडं एका पाटलाकडं सालगडी होता, घरात पहिला सरकारी शिक्का ह्यांच्या नावाचा. "माह्या बापानं जल्मभर दुसऱ्याच्या शब्दावर काम केलं," एकदा म्हणाले, "माह्या शब्दावर कोनी काम करते, हे त्याले पाहाले भेटलं नाई." इतकंच. पुन्हा तो विषय काढला नाही.

शेळी आली डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तांबडी, मोठ्या कानांची. नाव आम्ही लाली ठेवलं. ती गाभण होती आणि मुद्दाम गाभण आणली होती. विकणाऱ्यानं सांगितलं, गाभण शेळी शांत असते, पोरांना शिंगं मारत नाही. खरंच शांत होती. आया खूश, कारण भरलेल्या पोटाचं जनावर दारात आलं की चांगलं असतं. काकांना कळलं तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली. "गाभन काऊन आनली? खाली आनाव लागत होती, बिनगाभाची." पण आणली होती. म्हणाले, आठ दिवस वेगळी बांधा, रक्त घेतो, आणि एका तपासणीवर भागणार नाही, महिन्यानं पुन्हा घ्यायचं.

त्याच आठवड्यात ते शाळेत येऊन मुलांना हात धुवायला शिकवून गेले. आमच्या मुलांच्या हातात साबण राहत नाही, निसटतो. काकांनी घरून जुने मोजे आणले, एकेका मोज्यात साबणाची वडी घातली आणि नळांना बांधले. मोज्यावर नुसता तळवा घासला की फेस. इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकीलाही हे सुचलं नव्हतं. मी लालीला चारा घालून तशीच बोरं खायला लागले, तर सगळ्या मुलांसमोर मला ओरडले. "ह्या बाईले आधी शिकवा!" मुलं काय हसली! मुक्ता तर इतकी हसली की तिला ठसका लागला.

मुक्ता नऊ वर्षांची. जन्मतःच अंग आखडलेलं, बोलणं नाही, पण कळतं सगळं. तिच्या आईनं, संगीतानं, शिवणकाम करून तिला वाढवलं. नवरा दुसरीकडं संसार करतो. त्या वर्षी मुक्ता चौकटीला धरून दोन-दोन मिनिटं उभी राहायला लागली होती. ह्या दोन मिनिटांसाठी तिची आई गेली पाच वर्षं रोज तिचे पाय चोळत होती. पुढचं सगळं ह्या दोन मिनिटांवर येऊन आदळलं.

लालीचं रक्त घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी ह्या उपचाराचं उद्घाटन ठरलं. मोठे साहेब दहा वाजता येणार. आमच्या मुख्याध्यापिका रमादेवी मॅडम, बाई वाईट नाही, पण साहेब म्हटलं की त्यांची धांदल उडते. त्यांना साहेबांच्या हातात द्यायला प्रमाणपत्र हवं होतं. सकाळी नऊला त्यांनी मला जीपमधून प्रयोगशाळेत पाठवलं, वर दर पाच मिनिटांनी फोन. काकांनी बाटली फ्रिजमधून काढून नुकतीच मुठीत घेतली होती. मी म्हटलं, काका, आज लवकर करा ना. ते म्हणाले, अर्धा तास. फोन वाजला. मी फोन त्यांच्या कानाला लावला. रमादेवी मॅडम हिंदीत रडकुंडीला आल्या होत्या, "सर, बच्चों का प्रोग्राम है, जल्दी करो ना, प्लीज."

मी सांगते तुम्हाला, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "एवढी एकच वेळ, काका. शेळी तर धडधाकट आहे."

त्यांनी मूठ उघडली. गार बाटलीतला गार थेंब गार काचेवर टाकला, काडी फिरवली, डोलवायला लागले. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न मारला. दोन मिनिटं झाली असतील, फार तर अडीच, त्यांनी काच खाली ठेवली. प्रमाणपत्राचा कागद शाळेनंच छापून आणला होता, त्यावर 'रोगमुक्त' असा शब्द आधीच होता. खाली त्यांनी सही केली. महिन्यानं पुन्हा तपासावे, असं बाजूला हातानं लिहिलं, आणि कागद माझ्याकडे देताना म्हणाले, "महिन्यानं नक्की."

महिन्यानं ते खेड्यांमध्ये लसीकरणाला गेले होते. त्यांचा दोनदा फोन आला, रक्त घ्यायला कोणाला तरी पाठवतो म्हणून. मी दोन्ही वेळा म्हटलं, पुढच्या हप्त्यात, काका. कारण इकडं मुक्ताचा हात उघडला होता. जन्मापासून मिटलेली ती मूठ लालीच्या पाठीवर आपोआप सुटायची, बोटं केसांत जायची. संगीता दारात उभी राहून तोंडाला पदर लावून रडायची. अशा वेळी कुणाला सुई टोचायला आवडतं?

फेब्रुवारीत लालीनं गाभ टाकला. सकाळची वेळ, मुलं तिच्याभोवतीच होती, मुक्ता तर तिला टेकून. तिचा फ्रॉक भिजला. शाळेच्या आयाबाईनं पेंढा उचलून फेकला, फरशी धुतली, मुक्ताचा फ्रॉक बदलला. थंडीनं टाकलं, असं सगळ्या म्हणाल्या. रमादेवी मॅडम म्हणाल्या, थंडीनंच. मीही तेच म्हटलं. मनात एकदा आलं होतं की काकांना फोन करावा. केला नाही. केला असता तर त्यांनी लालीला त्याच दिवशी नेलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच केला नाही.

मार्चमध्ये मुक्ताला ताप यायला लागला. दुपारनंतर चढायचा, पहाटे उतरायचा. कधी चार दिवस नसायचा, आम्ही हुश्श म्हणायचो, पाचव्या दिवशी पुन्हा. टायफॉइड म्हणून औषधं सुरू झाली. ती उभी राहीनाशी झाली. बसवलं तरी किंचाळायची. कुठं दुखतं हे तिला सांगता येत नव्हतं आणि आम्हाला कळत नव्हतं. संगीतानं डॉक्टरांना विचारलं होतं, शेळीमुळं तर नसेल ना? डॉक्टरांनी मला विचारलं. मी पर्समधून प्रमाणपत्राची प्रत काढून दाखवली. रोगमुक्त, सही, शिक्का. डॉक्टर म्हणाले, मग तो प्रश्नच नाही. माझा जीव भांड्यात पडला.

एप्रिलच्या सुरुवातीला काका खेड्यांवरून परतले आणि सरळ शाळेतच आले, खांद्याला तपासणीची पिशवी. दवाखान्यातून येताना शाळेत थांबलेली संगीता ओसरीवर मुक्ताचे कपडे बदलत होती, घामानं ओला फ्रॉक बाजूला टाकलेला. काका वाकले, लाडानं मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवायला. आणि तसेच थांबले. त्यांनी तो फ्रॉक उचलला. नाकाशी धरला.

"अवो काका, धुवाचा हाय तो," संगीता म्हणाली.

काका ओसरीवर खालीच बसले. नंतर त्यांनी मला सांगितलं, त्या तापाच्या घामाला भिजून कुबट झालेल्या गवताचा वास येतो. तीन महिने त्यांनी स्वतःच्या उशीला तो वास घेतला होता.

"किती दिवस झाले तापाले?"

"महिना होऊन गेला," संगीता म्हणाली.

"शेळीनं टाकलं का?"

संगीतानं माझ्याकडे पाहिलं. मग मीच म्हटलं, "फेब्रुवारीत."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही नेली असती तिला."

मला वाटलं आता ओरडतील. त्या दिवशी बोरांवरून ओरडले होते तसे. ओरडले नाहीत. "हाव," म्हणाले, "नेली असती." आणि उठून लालीचं रक्त घ्यायला गेले. पहिल्यांदा शीर हुकली, दुसऱ्यांदा सापडली.

मी त्यांच्यासोबत प्रयोगशाळेत गेले. ह्या वेळी त्यांनी बाटली मुठीत घेतली आणि पुरा अर्धा तास धरून ठेवली. काचेवर थेंब टाकला. मिनिटभरातच दाणे. चार मिनिटं होईपर्यंत तरीही ते डोलवत राहिले. मग त्यांनी जे केलं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. डिसेंबरातलं रक्त त्यांनी बर्फात जपून ठेवलं होतं, ती कुपी काढली, तीही मुठीत ऊब देऊन तपासली. दुसऱ्या मिनिटाला काही नाही. तिसऱ्या मिनिटानंतर बारीक, अगदी रव्यासारखे दाणे दिसायला लागले. मलाही दिसले.

"तवाच होता," ते म्हणाले. "मी पाह्यलाच नाई."

"काका, चूक माझी आहे. घाई मी केली."

"तुमी घाई केली असन. काच माह्या हातात होती."

त्या संध्याकाळी ते स्वतः मुक्ताच्या डॉक्टरांकडे गेले. आपल्या हातानं लिहिलेला कागद दिला, की माझी डिसेंबरची तपासणी चुकीची आहे, ह्या मुलीचं रक्त ब्रुसेलासाठी पाठवा. तशीच एक दरखास्त आपल्या साहेबांना. सेवानिवृत्तीला तीन महिने राहिले होते. रमादेवी मॅडमनी त्यांना ऑफिसात बसवून पाणी दिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सर, लिख दो ना कि बाद में हुआ. फरवरी में. किसको मालूम पड़ता?"

"मेरे को मालूम है ना, मॅडम," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून मराठीत, "जानेवारीत दोन पोट्टे शाळा सोडून गेले, नाई का? फेब्रुवारी लेहलं त त्यायचं रगत कोन तपासन?"

हे मला सुचलं नव्हतं. मला त्या घटकेला फक्त एवढंच वाटत होतं की हा माणूस गप्प राहिला तर आपणही वाचू. असा विचार माझ्या मनात आला, हे लिहिताना लाज वाटते, पण आला होता.

पालकांना बोलावलं. काका उभे राहिले आणि सरळ सांगून टाकलं. औषध गार होतं, चार मिनिटांच्या आत काच ठेवली, सही केली. घाई कुणी लावली ते सांगितलं नाही. मी उभी राहिले आणि सांगायला लागले, तर सभेत गलका झाला आणि माझं कुणी ऐकलंच नाही. त्यांना एक माणूस मिळाला होता. गलका थांबल्यावर संगीतानं एवढंच विचारलं, "माही पोरगी उभी राहीन का पुन्हा?"

"मले माहीत नाई, माय," काका म्हणाले.

सगळ्या मुलांचं रक्त तपासलं, त्या दोघांचंही. आयाबाईला लागण निघाली, वेळेवर औषध मिळालं, ती बरी झाली. मुलांपैकी फक्त मुक्ताला होती. तिला बरेच आठवडे औषधं चालली. ताप गेला. खुब्याचा सांधा मात्र तोवर खराब झाला होता.

लालीला जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं तेव्हा तिचं डोकं काकांच्या मांडीवर होतं. खड्ड्यात चुना टाकून पुरली. मुलांना आम्ही सांगितलं, लाली माहेरी गेली. मुक्ताला पटलं नाही. ती घरी अंथरुणावरून दाराकडे बघत राहायची, कुणी आलं की कण्हून विचारायची. आम्ही सगळ्या तेच सांगायचो, माहेरी.

काका एकदा तिला बघायला गेले, मी सोबत होते. मुक्तानं दाराकडे बघून तो आवाज काढला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका तिच्याजवळ जमिनीवर बसले. "लाली मेली, बेटा," म्हणाले. "तिले रोग होता. मले दिसायले पाह्यजे होता, मी नीट नाई पाह्यला. तिचा रोग तुले लागला. म्हनून तिले मारावं लागलं."

मुक्ता त्यांच्याकडे कितीतरी वेळ बघत होती. मग तिनं तोंड भिंतीकडे केलं. संगीता आतून धावत आली. "एवढंच राह्यलं होतं का, काका? लेकराले हेबी सांगाचं होतं? उठा. येऊ नका आता माह्या घरी."

काका उठले. त्या दिवशी मीही त्यांच्यावर चिडले. रस्त्यात म्हटलं, काय गरज होती? ते म्हणाले, "तिले बोलता येत नाई म्हनून सगळे तिच्याशी खोटं बोलून राह्यले, बाई." त्या दिवसानंतर मुक्तानं दाराकडे बघणं थांबवलं, एवढं खरं. ते बरं झालं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

काका निवृत्त झाले त्या दिवशी दवाखान्यात हार-नारळ झालं नाही. चौकशी चालू होती. मी पेढे घेऊन गेले, तर म्हणाले, नका देऊ, घरी न्या. टेबल पुसत होते. त्यांच्या जागी आलेल्या मुलीला बाटली दाखवून काहीतरी समजावत होते. ती मान डोलवत मोबाइल बघत होती.

त्यानंतर बरेच महिने भेट नाही. मीच टाळत होते म्हणा ना. गेल्या पावसाळ्यात नवऱ्याची साखर तपासायला सरकारी दवाखान्यात गेले होते. हाडांच्या डॉक्टरांची रांग दारापासून पार फाटकापर्यंत. सकाळी आठची वेळ, आणि रांगेत चौथ्या नंबरवर काका उभे. पायाकडं बघून ओळखलं, वजन उजव्या पायावर. म्हटलं, यांचं दुखणं वाढलं की काय. पुढं जाणार, तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि संगीता उतरली. मुक्ताला दोन्ही हातांवर घेतलं होतं, अकरा वर्षांची मुलगी, तिचे पाय लोंबत होते. खांद्यावर फायलींची पिशवी.

चपराशी शेजारी बिडी विझवत होता. त्याला विचारलं, हे काका रोज येतात का? "दर सोमवारी," तो म्हणाला. "दवाखाना उघडाच्या आधीच येऊन बसते. त्या बाईसाठी नंबर धरते. बोलत त दोघं काहीच नाई."

संगीता रांगेपाशी आली. काकांनी चिठ्ठी पुढे केली आणि जागा सोडून बाजूला झाले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. मुक्ताला सावरत दोन बोटांत चिठ्ठी पकडली. थोड्या वेळानं आतून मुक्ताचं नाव पुकारलं. संगीता निघाली, पिशवी खांद्यावरून घसरायला लागली, हात तर दोन्ही अडकलेले. ती दाराशी थांबली, खांदा जरासा तिरका केला आणि मागे न बघता पिशवी मागे सरकवली.

काकांनी पिशवी काढून घेतली. ती पुढे गेली आणि हे पाय ओढत, दोन पावलं अंतर ठेवून, तिच्या मागे आत गेले.